नऊ घरांच्या किल्ल्या

"दोन वर्सांसाठी चाललीस म्हनून सांगायचं. त्याच्या फुडं एक अक्षर बोलायचं न्हाई," आई म्हणाली आणि थोरल्या तात्यांच्या हॉलमधलं मेलेलं कबूतर तिने खराट्याने सुपात ओढलं.

"आणि दोन वर्षांनी?"

"दोन वर्सांनी आनखी दोन वर्सं म्हनायचं. मानसं इसरत्यात."

मी गुडघ्यावर बसून फरशी पुसत होते. फरशी इटालियन होती, निदान तात्या तसं सांगत. वर्षातले तीनशे पंचावन्न दिवस तिच्यावरून फक्त कबुतरं चालत. उरलेले दहा दिवस यात्रेचे. त्या दहा दिवसांसाठी आम्ही मायलेकी सकाळपासून तिसरं घर झाडत होतो आणि अजून सहा बाकी होती.

विट्याच्या पुढे, आमच्या त्या कोरड्या पट्ट्यात, बोरवडी नावाचं गाव आहे. तिथले पुरुष तीन पिढ्या गलाईचं काम करतात. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळायची. सराफांकडचे मोडके दागिने भट्टीत आणि तेजाबात घालून त्यातून शुद्ध सोनं काढून द्यायचं. गावात पाणी नाही, सोनं तर नाहीच, म्हणून माणसं भट्ट्या घेऊन देशभर गेली. थोरले तात्या सिलिगुडीला, माझे वडील अण्णा सेलमला, बाकीचे चुलते कुणी काकिनाड्याला, कुणी गयेला. प्रत्येकाने कमावलं, गावात बंगला बांधला, त्याला कुलूप लावलं आणि परत कामावर गेला. चैत्रात नाथबाबाच्या यात्रेला सगळे येतात. आमच्या आळीत दहा घरं होती. नऊ बंद असत. नवांच्या किल्ल्या आईच्या कमरेला असत आणि दहाव्या घरात आई असे.

ती मागे राहिली ती आजीला सांभाळायला. मी नववीत असताना आजी गेली, पण तोवर भावकीला किल्ल्यांची सवय लागली होती.

"तात्या गुलाल उचलायला लावतील," मी म्हटलं.

आमच्याकडे नाथबाबाच्या पायाजवळचा गुलाल मुठीत घेऊन दिलेला शब्द मोडत नाहीत. मोडला तर डोळे जातात, वंश बुडतो. जमिनीचे जे वाद कोर्टात वीस वर्षं लोंबकळतात ते गुलालाच्या ताटासमोर पाच मिनिटांत मिटलेले मी पाहिले आहेत.

"मग उचल," आई म्हणाली. "काय होत न्हाई."

मी फडकं खाली ठेवलं. ही बाई नाथबाबाच्या फोटोपुढे दिवा लावल्याशिवाय चहाचा घोट घेत नसे. दर रविवारी उपास करी, तापात फणफणत असली तरी करी.

"कुणी सांगितलं तुला, काही होत नाही म्हणून?"

"मला ठावं हाय."

"मी खोटं बोलणार नाही, आई. चोरी केलीय का मी? दीड वर्ष कागद गोळा करतेय, परीक्षा दिलीय, माझ्या हिमतीवर मिळवलंय. खरं सांगून जाणार."

"लई हरिश्चंद्र हुऊ नगंस. तुला जायचं हाय का खरं बोलायचं हाय, येक काय ते ठरीव."

"दोन्ही," मी म्हटलं.

"मग घे उरावर," असं म्हणून ती सूप घेऊन उकिरड्याकडे गेली.

मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते. मिरजेला शिकून पुण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये चार वर्षं नोकरी केली होती. कॅनडात कायमचं राहण्याची परवानगी मंजूर झाली होती. व्हिसाचा शिक्का बसून पासपोर्ट तेवढा परत यायचा होता. पुण्याची खोली मी सोडली होती, म्हणून पासपोर्ट गावच्या पत्त्यावर मागवला. कायमचा पत्ता म्हणून फॉर्मवर तोच होता. आता हे शहाणपण मला कसं सुचलं ते विचारू नका. एरवी त्या आळीत कुरियरवाल्याने डोळे मिटून पाकीट फेकलं असतं तरी ते आईच्याच हातात पडलं असतं. दुसरं कुणी नसेच. पण वर्षातले जे दहा दिवस आळी भरलेली असते, नेमके तेच गाठून ते आलं.

पालखीच्या दिवशी सकाळी मी देवळात नैवेद्य दाखवून परत आले तर तात्यांच्या ओट्यावर गर्दी. तात्या खुर्चीत. मांडीवर फोडलेलं पाकीट. शेजारी त्यांचा मुलगा सुहास माझा कागद हातात धरून उभा. सुहास बावीस वर्षांचा, सिलिगुडीतच वाढलेला, बंगाली फर्डी बोले आणि मराठी अडखळत. पण इंग्रजी वाचायला सगळ्या भावकीत त्यालाच बोलावत.

"काय लिवलंय, नीट बघून सांग," तात्या म्हणत होते.

"पर्मनंट लिहिलं आहे, बाबा. पर्मनंट रेसिडेन्स."

"म्हंजे?"

"म्हणजे... ती तिथेच राहील. नेहमी."

तात्यांनी मान वर केली. त्यांचा आवाज कधी चढत नसे. आळीतली लग्नं, वाटण्या, भांडणं, सगळं ते सुपारी कातरता कातरता निकालात काढत, आणि त्यावर कुणी परत बोलत नसे.

"हर्षदा, तुझी आई तर सगळ्यास्नी सांगती, दोन वर्सांसाठी चाललीया."

आईने सांगूनही टाकलं होतं! ती समोर आमच्या दारात उभी होती. माझ्याकडे बघून तिने डोळ्यांनीच दटावलं.

"आईला तसं वाटत असेल," मी म्हटलं. "मी कायमची चाललेय. पासपोर्ट द्या माझा."

थोरल्या काकूंनी कपाळावर हात मारला. तात्यांनी कागद घडी करून पासपोर्टात घातला आणि पासपोर्ट सदऱ्याच्या आतल्या खिशात.

"उद्या बैठक हाय. तवा बघू."

"बैठकीत काय बघायचंय? माझ्या नावाचा आहे तो."

"नाव तुझं. त्याच्या फुडं बापाचं नाव हाय, आन् त्याच्या फुडं आडनाव आमचं. तीन नावांतलं येक तुझं झालं."

लोक हसले. मी नैवेद्याचं रिकामं ताट घेऊन तिथेच उभी राहिले. अंगाचा तिळपापड झाला होता. तात्या चार दिवसांनी सिलिगुडीला जाणार होते आणि माझं विमान मेच्या पहिल्या आठवड्यात होतं. जूनच्या मध्याआधी मी तिथे पोचले नाही तर दीड वर्षाचे कागद रद्दी होणार होते. विट्याला पोलीस ठाणं आहे हे मला ठाऊक होतं. सख्ख्या चुलत्याविरुद्ध तक्रार देण्याची धमक आपल्यात आहे का, असं मी दुपारभर स्वतःला विचारत होते. धमक होती. पण मी निघून गेल्यावर त्या आळीत आईला राहायचं होतं.

पालखी येऊन गेली. "चांगभलं"चा गजर झाला, सगळं गाव गुलालाने माखलं. अण्णा आमच्या परड्यात नळाखाली हात धूत बसले होते. मी साबण घेऊन गेले. त्यांची बोटं तेजाबाने कायमची पिवळी झालेली, नखं काळपट. त्यावरचा गुलाल निघाला तरी खालचा पिवळा रंग निघत नसे. अण्णा मवाळ माणूस. येताना सेलमहून माझ्यासाठी हलवा आणत आणि थोरल्या भावापुढे कधी खुर्चीत बसत नसत.

"दादानं पासपोर्ट घेतला म्हनं," ते म्हणाले.

"तुम्ही मागा ना."

"मी? मी कसा मागू?" ते साबण चोळत राहिले. "उद्या गुलाल उचल की तू. दोन वर्सं म्हन. फुडं मी काय तुला बोलवाय येतोय व्हय तितनं? मी कुनाला काय सांगनार न्हाई."

"म्हणजे तुम्हाला चालेल मी गेलेली?"

"तू जा, बाय. तू हितं ऱ्हाऊन काय करनार?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "दोन वर्सं म्हनलं की मानसं गप बसत्यात बघ. कुनी मोजत न्हाई."

"तुम्ही सेलमला गेलात तेव्हा काय सांगून गेलात?"

मी सहज विचारलं होतं, भांडणात विचारतात तसं. अण्णांनी साबण खाली ठेवला, परत उचलला, आणि धुतलेलेच हात पुन्हा धुवायला लागले.

"लई दिस झालं त्येला. हलवा खाल्लास का?"

दुसऱ्या दिवशी दहा वाजता तात्यांच्या हॉलमध्ये बैठक भरली. पुसून लखलखीत केलेल्या त्या फरशीवर जाजम, जाजमावर भावकीतले पंधरा-सोळा पुरुष, मध्ये ताट. ताटात गुलालाची रास, तिच्यावर नारळ, शेजारी समई. बायका आतल्या दाराशी उभ्या. दोन लग्नांच्या तारखा ठरल्या, एका बांधाचा वाद मिटला, मग तात्यांनी अडकित्ता हातात घेतला.

"हर्षदा, फुडं ये. बस."

मी बसले नाही.

"बरं, हुबी ऱ्हा. हे बघ, आमी तुला आडवत न्हाई. शिकलीस, जा. गलाईवाल्याला परमुलूख काय नवा हाय व्हय? मी सोळा वर्सांचा असताना शिलिगुडीला उतारलो. हिंदी येत नव्हती का बंगाली येत नव्हती. दोन दिस फुटाने खाऊन काढलं. पर गुलाल उचलून गेल्तो, परत ईन म्हनून. चाळीस वर्सं झाली. येक यात्रा चुकवली न्हाई. खरं का न्हाई?"

"खरं हाय," दोघं-तिघं म्हणाले.

"दहा दिवस येता, तात्या."

"दहा तर दहा."

"बाकीचे दिवस कुठे राहता?"

"शिलिगुडीत. धंदा तितं हाय. पर माझा कायमचा पत्ता बोरवडी. रेशनकार्ड बघ, पासबुक बघ, बोरवडीच लिवलंय."

"तुमच्या कायमच्या पत्त्यावरून परवा मी पोतंभर कबुतरांची घाण काढली."

मागून कुणीतरी फसकन हसलं आणि लगेच खोकलं. थोरल्या काकू आतून म्हणाल्या, "अगं, कुनाशी बोलतीयास!" पण मी आता थांबणार नव्हते. रात्रभर जे मनात घोळवलं होतं ते सगळं तोंडाशी आलं होतं.

"रागावू नका, तात्या. सुहासला मराठीत शंभरापर्यंत आकडे येत नाहीत. त्याची पोरं इथं यायचीसुद्धा नाहीत. तुम्ही गेलात ते कायमचेच गेलात. या हॉलमधले सगळे कायमचे गेलेत. फक्त कुणी म्हटलं नाही. मी म्हणतेय, एवढाच फरक आहे. मला एका ठिकाणी राहायचंय. जिथं पत्ता तिथंच माणूस. एवढंच मागतेय मी."

अडकित्ता थांबला. तात्यांनी माझ्याकडे बघितलं. एक सांगायला हवं, त्यांच्या नजरेत राग नव्हता. ते समजावणीच्या सुरात बोलले, आणि ते जे बोलले ते मला आजही पूर्ण खोडता आलेलं नाही.

"म्हनन्यातबी फरक असतो, पोरी. परत येतो म्हनून गेलेल्याची मागं वाट बघत्यात. कुनीतरी वाट बघतंय म्हनून तर आमी येतो. न्हाईतर ह्या माळावर हाय काय? वाट बघन्यावर ह्ये गाव उभं हाय. तू कायमची म्हनलीस की ते दारच मोडलं."

पुरुष माना डोलवायला लागले. तात्यांनी खिशातून पासपोर्ट काढला आणि ताटाशेजारी ठेवला.

"उचल गुलाल. नाथबाबाची आन घेऊन म्हन, दोन वर्सांत परत येते. आन् ह्यो पासपोर्ट घे. हितंच, सगळ्यांच्या देखत."

पासपोर्ट माझ्यापासून हातभर अंतरावर होता. निळसर-काळं पुस्तक, कडेला पाकिटाचा डिंक लागलेला. मूठभर रंग उचलायचा, चार शब्द बोलायचे, आणि सुटायचं. अण्णा खाली जाजमाकडे बघत होते. दारातून आई मला खुणावत होती. मान हलवून, भुवया उडवून, ओठ हलवून सांगत होती, उचल. अगं, उचल!

गुलालाला मी भीत नव्हते, हे मी शपथेवर सांगते. लॅबमध्ये चार वर्षं रक्त तपासलेली मुलगी मी, डोळे कशाने जातात हे मला ठाऊक होतं. पण ज्या पहिल्या गोष्टीसाठी मी आयुष्यात स्वतःच्या पायावर उभी राहिले होते, ती खोट्याने सुरू करायची नव्हती. आणि खरं सांगायचं तर तात्यांना जिंकू द्यायचं नव्हतं.

"मी उचलणार नाही," मी म्हटलं.

"का?"

"कारण मी परत येणार नाही."

हॉलमध्ये कुजबुज झाली. तात्यांनी पासपोर्ट उचलून पुन्हा खिशात घातला. घाईने नाही, सावकाश, चष्मा ठेवतात तसा.

"मग ह्यो माझ्याबरुबर शिलिगुडीला. वर्सभर इचार कर. फुडल्या यात्रेला बोलू."

"फुडल्या यात्रेला," कुणीतरी दुजोरा दिला.

"फुडल्या यात्रेला न्हाई," आई म्हणाली.

ती दाराच्या अलीकडे आली होती. बैठकीत बोलावल्याशिवाय बायका येत नाहीत, आमच्याकडे तर दारातूनसुद्धा पुरुषांशी बोलत नाहीत. ती डोक्यावरचा पदर घट्ट धरून जाजमाच्या कडेपर्यंत आली. कमरेच्या किल्ल्या वाजत होत्या. आधी माझ्याशी बोलली.

"तू उचलू नगंस गं. मी सांगत हुते ते चुकलं माझं."

मग तात्यांकडे वळली. त्यांच्या तोंडाकडे न बघता, त्यांच्या पायांकडे बघून बोलत होती. पण आवाज सगळ्या हॉलला ऐकू जात होता.

"ह्या जागी एकदा गुलाल उचललाय, भावजी. तवा बंगला नव्हता, जुनं घर हुतं. ही सा म्हयन्यांची हुती, पाळन्यात. ह्ये सेलमला निगालं हुतं आन् माझा भाऊ मला न्ह्याया आल्ता. म्हनला, नवरा मुलूख सोडून चालला, मी भनीला हितं एकटी ठेवनार न्हाई. तुमाला आठवतं का?"

तात्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"तवा ह्यांनी गुलाल उचलला. दोन वर्सांत बायकापोरीला सेलमला नेतो, नाथबाबाची आन. ताट तुमी धरलं हुतं. त्या गुलालावर इस्वास ठेवून मी भावाला रिकाम्या हातानं माघारी लावला. चोवीस वर्सं झाली."

मी अण्णांकडे बघितलं. ते अजून जाजमाकडेच बघत होते, पण मान आणखी खाली गेली होती.

"दर यात्रेला वाटायचं, ईचारावं. पर मानूस दमून आलेलं असतंय, घरात पावनं असत्यात, म्हनलं ऱ्हाऊंदे, फुडल्या यात्रेला ईचारू. सासूबाई हुत्या तवर त्यांचं कारन. त्या गेल्या तवा ह्या किल्ल्यांचं कारन." तिने पदराने तोंड पुसलं. "कुनाचं डोळं गेलं न्हाईत. कुनाचा वंस बुडाला न्हाई. सगळ्यांचं बंगलं झालं. गुलाल काय करत न्हाई, मला ठावं हाय. म्हनून तर पोरीला म्हनत हुते, उचल. पर माझ्या डोळ्यांदेखत तिनंबी तीच दोन वर्सं म्हनायची? ती खरं बोलतीया तर बोलूंद्या."

"हर्षदाची आई, आत जावा तुमी," तात्या म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज थोडा हलला.

"जाते."

तिने कमरेचा जुडगा सोडला. नऊ घरांच्या नऊ किल्ल्या, काहींना ओळखायला रंगीत चिंध्या बांधलेल्या. खाली वाकून तिने तो गुलालाच्या ताटात, नारळाशेजारी ठेवला.

"देवाच्या ताटात ठिवल्यात. आता मला परत घ्या म्हनू नगा. फुडल्या यात्रेला ज्याची त्यानं कबुतरं काढा."

ती आत गेली नाही. हॉलच्या पुढच्या दाराने, पुरुषांच्या मधून, बाहेर गेली.

सुहास माझ्याकडे बघत होता, त्याला सगळं कळलं नसावं, पण महत्त्वाचं तेवढं कळलं होतं. मग अण्णा गुडघ्यावर हात टेकून उठले. थोरल्या भावासमोर उभे राहिले. भावाकडे काही मागताना मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

"दादा, पासपोर्ट द्या."

"अरं पर..."

"म्या उचलला हुता. ती खरं बोलली. द्या तिचा तिला."

तात्यांनी पासपोर्ट काढला, पण माझ्या हातात दिला नाही, अण्णांच्या हातात दिला. अण्णांनी तो मला दिला. त्यांच्या पिवळ्या बोटांवर आदल्या दिवशीचा गुलाल नखांच्या कडेला राहिलाच होता. त्यांना मला काहीतरी म्हणायचं होतं, पण ते म्हणाले एवढंच, "भिजवू नगंस. नीट ठेव."

त्या वर्षी अण्णा आईला घेऊन सेलमला गेले, असं लिहायला मला आवडलं असतं. त्यांनी विचारलं मात्र खरं. परड्यात, माझ्यासमोर, चोवीस वर्षांनी विचारलं. आईने भाकरी थापता थापता मान वर न करता सांगितलं, "आता मला काय करायचंय सेलम?" ते एकटेच गेले. पण पुढच्या यात्रेला थोरल्या काकूंनी स्वतः खराटा हातात घेतला आणि पहिल्याच खोलीत किंचाळून बाहेर आल्या, ही बातमी आईने मला विनिपेगला फोनवर दोनदा सांगितली. तिसऱ्यांदा मीच विचारली.

आई माझ्याकडे दोन वेळा येऊन गेली. पहिल्या सकाळी तिने माझ्या घराची किल्ली मागितली. बाहेरच्या बर्फात चप्पल घालून उभी राहिली, कुलूप लावून बघितलं, उघडून बघितलं, आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. "तुझ्याजवळच ठेव," म्हणाली.

पण मला सांगायचंय ते त्याआधीचं, विट्याच्या एसटी स्टँडवरचं. पुण्याची गाडी लागली होती. आईने शेंगदाण्याच्या चटणीचा डबा फडक्यात बांधून आणला होता आणि त्याची गाठ तिसऱ्यांदा सोडून बांधत होती. कंडक्टर घंटीच्या दोरीशी जाऊन उभा राहिला.

"हर्षे," ती म्हणाली. "खरं सांग. परत येनार न्हाईस न्हवं?"

सोळा पुरुषांच्या बैठकीत ताठ मानेने बोललेली मी, तिच्यासमोर मात्र आडवळणाने बोलले.

"येईन की. भेटायला येईन."

"ते ईचारत न्हाई मी. ऱ्हायाला?"

"नाही."

तिने मान हलवली. गाठ एकदाची घट्ट ओढली आणि डबा माझ्या हातात दिला.

"बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली. "आता वाट तरी बघाय लागायची न्हाई."